मदत हवी आहे: टाउनशेंड कुतला थांबला तो नाइलाजाने की हट्टाने?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात (सातारा जिल्हा) चावडीच्या भिंतीवर पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांची दगडी पाटी आहे. नावं नाहीत, फक्त आकडा. त्यावर शाळेत अर्धा तास बोलायचंय आणि मी मेसोपोटेमियात (आजचा इराक; तिथे ब्रिटिश-हिंदी फौज तुर्कांशी लढत होती) अडकलोय. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी पूना डिव्हिजनबरोबर (ब्रिटिश-हिंदी फौजेचा एक मोठा विभाग) तिथे होत्या.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या तोंडाशी टेसिफॉनला लढाई फसली. डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड मागे फिरला, ३ डिसेंबरला कुत-अल-अमाराला पोचला आणि तिथेच ठाण मांडलं. चार दिवसांत तुर्कांचा वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, सुमारे १३,००० जण कैदेत.

गाव टायग्रिसच्या वळणात, तीन बाजूंना पाणी. घोडदळ त्याने ६ तारखेला बाहेर काढलं, म्हणजे वाट तोवर उघडी होती. मग पायदळ का नाही? १८९५ मध्ये चित्रालचा (वायव्य सरहद्दीवरचा किल्ला) वेढा झेलून तो विलायतेत गाजला होता. तेच पुन्हा करायचं मनात असावं, असं मला वाटतं. की हा माझा पूर्वग्रह? पोरांसमोर उगाच कुणाला खलनायक करायचं नाहीये.

प्रतिसाद १

चित्राल डोक्यात असेलही, पण सगळं त्यावर ढकलू नका. पलटणी चालून चालून मोडल्या होत्या. शिवाय शत्त-अल-हाय ही टायग्रिसची शाखा कुतलाच फुटते. कुत सोडलं की तुर्कांना टायग्रिसने खाली आणि हायने नासिरियाकडे, दोन्ही रस्ते मोकळे. वरिष्ठ निक्सननेही थांबायला मान्यता दिली होती.

माझ्या लेखी थांबणं माफ, दाणागोट्याचा हिशेब नाही. त्याने आधी कळवलं, गोऱ्यांना एक महिना, हिंदी शिपायांना दोन महिने पुरेल. घरांची झडती घेतली जानेवारीत, आणि धान्य निघालं! तोवर त्या आकड्याच्या धास्तीने सुटकेला निघालेल्या फौजेचा सेनापती एलमर याने अर्धवट जमलेली कुमक घेऊन शेख साद, वादी, हन्ना असे लागोपाठ हल्ले केले होते. कुत सोडवताना मेलेले-जखमी मिळून २३,००० च्या घरात. वाचवायचे होते त्यांच्यापेक्षा जास्त.

धागाकर्ता

हा हिशेब डोक्यात आलाच नव्हता, आभार. आता भाषण तिथूनच सुरू करतो. आणखी एक: बरेच हिंदी शिपाई घोड्याचं मांस खायला तयार नव्हते, हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवूनही. मराठा पलटणींत काय झालं? कुणाच्या घरी पणजोबांचं पत्र, ऐकलेली आठवण, काहीही असेल तर इथे टाका.