मदत हवी आहे: डेन्मार्कमधलं मूळ गाव कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. माझी लेक सॉल्ट लेक सिटीत असते. जावई तिथलाच, जुन्या मॉर्मन घराण्यातला (हा एक ख्रिस्ती पंथ, त्या काळी त्यांच्यात एकाहून जास्त बायका करायची रीत होती). त्याचे खापरपणजोबा डेन्मार्कहून लिव्हरपूलमार्गे अमेरिकेत आले आणि पुढे बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर युटात, म्हणजे सॉल्ट लेक सिटीच्या प्रांतात, पोचले. तिथवर रेल्वे 1869 मध्ये आली, त्याच्या आधीची ही गोष्ट. नातीसाठी वंशवेल करायला बसले आणि अडकले.

1860 च्या अमेरिकेतल्या जनगणनेत घर सापडलं. पुरुषाच्या नावाखाली दोन स्त्रिया, एक 34 ची, दुसरी 19 ची, मग चार मुलं. धाकटं एक वर्षाचं. ते कोणाचं? कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना 1880 पर्यंत नव्हताच! ती 19 ची कोण, सवत की पहिलीची बहीण? जन्मस्थळ सगळ्यांचं नुसतं ‘डेन्मार्क’.

त्यात आडनावांचा घोळ. आपण बापाचं नाव मधे लावतो, त्यांच्याकडे तेच आडनाव व्हायचं. हान्सचा मुलगा येन्स हान्सेन, आणि येन्सचे मुलगे येन्सेन. दर पिढीला नवं.

डॅनिश चर्चची रजिस्टरं ऑनलाइन फुकट बघता येतात, 1845 च्या तिथल्या जनगणनेत जन्माचं पॅरिशही (एका चर्चच्या हद्दीतला गावभाग) असतं. पण पॅरिशच माहीत नाही तर उघडू कुठलं?

जहाजाची यादी आधी बघू की युटातल्या वॉर्डाची (मॉर्मन चर्चच्या स्थानिक शाखेची) सदस्य-नोंद? आणि त्या रजिस्टरांतलं जुनं गॉथिक हस्ताक्षर वाचणारं कोणी आहे का इथे? मोडी येते मला, पण या अक्षरापुढे हात टेकले.