मदत हवी आहे: पडवीतली मतं कागदावर कशी उतरवू?

माडबन

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याच्या बाजूला किनाऱ्यावर आमचं गाव. गावच्या वाचनालयाचं दिवाळीला हस्तलिखित निघतं. यंदा त्यातली आठ पानं माझ्याकडे आहेत. वर्षभरात वाडीतल्या माणसांनी कुठले सिनेमे आणि मालिका पाहिल्या आणि त्यांना त्या कशा वाटल्या, एवढाच विषय. काम मी हौसेने मागून घेतलं. आता अडले आहे आणि दिवाळीला जेमतेम दोन महिने उरलेत.

आमच्या पडवीत टीव्ही आहे. सासऱ्यांच्या काळापासून रात्री जेवणं आटोपली की शेजारपाजारची आठ-दहा माणसं येऊन बसतात. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा पडवी पुरेना, खळ्यात म्हणजे अंगणात चटया घालाव्या लागल्या. शूटिंग सावंतवाडीजवळ आकेरीला, बोलणं मालवणी, म्हणजे घरचंच कार्य. कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलुख असंच दाखवतात म्हणून तेव्हा जिल्ह्यात तिला विरोधही झाला. त्या वादाच्या दोन्ही बाजू आमच्याकडे रोज रात्री शेजारी शेजारी बसत होत्या.

आता अडचण सांगते. ही माणसं बोलतात तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. मासे विकणारी आमची काकी एका सिनेमातलं घर बघून म्हणाली, "चूल पेटलेली दाखवतत, पण भिंत बघलंस? पांढरीफेक! धूर खंय गेलो?" दुसऱ्या एका सिनेमात भर पावसाळ्यात होडी समुद्रात. त्यावर ती म्हणाली, "तेव्हा होड्यो वर काढून झापांनी शाकारलेल्यो असतत. ह्यांका कोणी सांगूक नाय?" एका मालिकेत मुलीपुढे बसलेल्या बापाबद्दल माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "तो तिचो बापूस वाटनाच नाय. बापूस असो बसता काय चेडवाच्या फुड्यात?" सासूबाई सहसा काही बोलत नाहीत. एक सिनेमा संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर म्हणाल्या, "रडाक इला नाय माका. पण रात्री झोपपण इली नाय."

मी सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला आणि म्हटलं, जे बोलता ते लिहा. परत आलेल्या अकरा कागदांवर थोड्याफार फरकाने हेच होतं: "चित्रपटाची कथा हृदयस्पर्शी असून सर्व कलाकारांनी आपापल्या भूमिकेला न्याय दिला आहे. संगीत श्रवणीय. एकदा अवश्य पहावा." काकीने मुलीकडून लिहून घेतलं होतं. त्यात ना धूर, ना भिंत.

मग मोबाईलवर रेकॉर्ड केलं. मोबाईल मध्ये ठेवला की पहिली दहा मिनिटं सगळे शुद्ध बोलायला लागतात. नंतर विसरतात, पण मग एकाच वेळी चौघं बोलतात. उतरवून काढलं तर "तो", "ती", "तेव्हा" म्हणजे नक्की कोण आणि कधी, हे बाहेरच्याला कळणार नाही.

आमच्या लोकांची नजर कच्ची नाही हे मला ठामपणे सांगायचं आहे. ही माणसं लहानपणापासून जत्रेतला दशावतार रात्रभर जागून पाहत आली आहेत. त्यात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद नट उभ्याउभ्या रचतात. राजपार्टी नट, म्हणजे राजाचं काम करणारा, समोरच्याच्या बोलण्यावर खरोखर बोलतोय की पाठ केलेलं म्हणतोय, हे खळ्यात बसलेल्या पोरालाही कळतं. म्हणून आमच्याकडे नटाला मिळणारी सगळ्यात वाईट शेरेबाजी अशी असते: "डायलॉग मारता, बोलना नाय." एवढं नेमकं मत मी छापील परीक्षणातही क्वचित वाचलंय.

मालवणी तशीच ठेवू की प्रमाण मराठीत आणू? आणि मालिकेचं काय करायचं? सिनेमा संपतो, मालिका चालूच राहते. भाद्रपदात ज्या मालिकेवर जीव टाकला, तिलाच मार्गशीर्षात "आता नुसता वडतत", म्हणजे उगाच ओढतात, असं म्हणतात. कुठलं मत खरं धरू?

आणखी एक. वरच्या वाडीतल्या एका मुलाला मालिकेत दोन मिनिटांचं काम मिळालं. गावाला फार आनंद झाला. पण आमच्या एका रिक्षावाल्याने त्याच्याबद्दलही "डायलॉग मारता" म्हटलं आणि ते मला पटलं. मुलाची आई आमच्या पडवीत रोज येते. हे मत घ्यावं का?

घाटावरची

ताई, "कसा वाटला?" हा प्रश्नच विचारू नका. त्याला माणूस शाळेतलं उत्तर देतो. मी वीस वर्षं मुलांकडून निबंध लिहून घेतलेत, त्यावरून सांगते. "कुठे उठून पाणी प्यायला गेलात?" असं विचारा. "घरी जाऊन कुणाला काय सांगितलंत?" असं विचारा. आणि लिहायला लावू नका. तुम्ही लिहा, त्यांना वाचून दाखवा. ऐकताना ते जिथे "तसा नाय गो" म्हणतील तिथे खरं मत सापडेल.

पाट-परुळे

मालवणी ठेवाच. फक्त माणसाचं बोलणं मालवणीत आणि तुमचा धागा प्रमाण मराठीत, असं करा. सिनेमाचं नाव, गोष्टीत तेव्हा काय चाललं होतं, "तो" म्हणजे कोण, हे तुमच्या ओळीत आलं की बोलण्याच्या मध्येमध्ये काही घुसवावं लागत नाही.

आणि सगळ्यांची बोली एकसारखी करू नका. शिरोड्याकडचा माणूस गोव्याच्या कोंकणीकडे झुकतो, मालवणचा वेगळं बोलतो, कणकवलीचा आणखी वेगळं. मालिकांवर आमचा जुना राग हाच, की एकाच घरातली चार माणसं चार तालुक्यांची मालवणी बोलतात. तुमच्या आठ पानांत तसं होऊ नये.

गुहागरकर

माझं थोडं वेगळं मत आहे, राग नसावा. धूर, होडी, भिंत हे सगळं बरोबरच. पण कोकणातले आपण प्रेक्षक सिनेमा पाहताना पुष्कळदा फक्त चुका पकडतो. आंब्याला या महिन्यात मोहोर नसतो, ही लाट इथली नाही. त्यात आपला अभिमान जास्त आणि सिनेमा कमी असतो.

'किल्ला' २०१५ मध्ये लागला तेव्हाची गोष्ट. आईची बदली होते आणि तिच्याबरोबर कोकणात आलेला शाळकरी मुलगा, असा तो सिनेमा. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शन केलं आणि छायाचित्रणही त्यांचंच. आमच्या घरात सगळे हा रस्ता कुठला, तो किनारा कुठला यावरच बोलत होते. वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे माझ्या आईने चार बदल्या काढलेल्या. ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "सामान बांधताना पोरांना कुणी विचारत नाही." मी तिच्याकडे पाहतच राहिलो, कारण त्या चारही वेळी सामानात मी होतो. त्यानंतर आमच्या घरात त्या सिनेमावर कुणी दुसरं बोललंच नाही.

तुमच्या सासूबाईंचं वाक्य त्या जातीचं आहे. ते पहिल्या पानावर घ्या.

माडबन

गुहागरकर, राग कसला. दोन दिवस तुमचं वाचून मनात घोळवत होते. पण काकीची बाजू मांडू द्या. तिचा जन्म चुलीपुढे गेला. भिंत पांढरी दाखवली की ज्या बाईने ती रोज सारवली आणि जिचे डोळे धुराने गेले ती बाईच त्या घरातून नाहीशी होते. काकी चूक पकडत नव्हती, त्या घरात स्वतःला शोधत होती. हे ती तशी बोलली नाही. काल घाटावरच्या ताईंचा प्रश्न तिला विचारला, "घरी जाऊन कुणाला काय सांगितलंस?" तर म्हणाली, "सुनेक सांगलंय, आमच्या आवशीचे डोळे धुरान गेले."

मोहोराबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. तसली सात-आठ मतं वहीत आहेत, त्यातलं एकच ठेवते.

पाट-परुळे

मालिकेचं राहिलं. प्रत्येक मतावर तारीख आणि "इथवर पाहिलं" एवढं लिहा. दोन्ही मतं एकाखाली एक येऊ द्या. बदललेलं मत खोटं नसतं. आमच्याकडे 'रात्रीस खेळ'चा दुसरा भाग २०१९ मध्ये आला आणि त्यात आधीची कहाणी दाखवली, तेव्हा पहिल्या भागातल्या माणसांबद्दलची मतं लोकांनी मागे जाऊन बदलली. ते कुणी लिहून ठेवलं असतं तर आज वाचायला मजा आली असती.

घाटावरची

त्या मुलाचं काय केलंत? माझं म्हणणं, हस्तलिखितात जाण्याआधी त्यालाच वाचून दाखवा. आईला नव्हे, त्याला.

माडबन

दाखवलं. गणपतीला तो आला होता. रिक्षावाल्यालाही बोलावून घेतलं, म्हटलं समोरासमोर होऊ दे. मुलगा जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, घ्या ते, पण खाली माझंही लिहा. तेच वाक्य त्याच्याकडून आठ वेळा म्हणवून घेतलं होतं. कधी लाईट, कधी समोरच्याची जागा. "पयल्या खेपेक मी बोललंय. आठव्या खेपेक नुसता त्वांड हलवलंय, आणि तीच त्येंनी घेतल्यानी." रिक्षावाला स्वतः हौशी दशावतारात काम करतो. तो म्हणाला, आमका दुसरी खेप गावना नाय, म्हणान पयलीतच बोलाचा लागता. मग दोघं रात्री एकपर्यंत खळ्यात बोलत बसले होते. मी आतून वही आणून जमेल तेवढं उतरवलं. दोन पानं त्याचीच होतील.

काकीचं पान असं झालंय, बघून सांगा:

"सिनेमातलं घर जुनं, कौलारू. सून पहाटे चूल पेटवते, असा प्रसंग. काकी म्हणाली: चूल पेटलेली दाखवतत, पण भिंत बघलंस? पांढरीफेक! धूर खंय गेलो? दुसऱ्या दिवशी तिने सुनेला सांगितलं: आमच्या आवशीचे डोळे धुरान गेले."

नाव घालायला ती तयार नाही. "वाडीतली एक बाय" लिही म्हणते. मला वाटतं निदान "मासे विकणारी काकी" तरी असावं. आणि घाटावरच्या ताई, तुमच्याकडे "आवस" म्हणजे आई हे वाचणाऱ्याला आपसूक कळेल का, की माझ्या ओळीत एकदा "आई" घालू?