हेन्ड्रिक्सचं 'मशीन गन': फिलमोर, बर्कले, आइल ऑफ वाइट... तुलना करायची तरी कशी?

रातची_लाईन (हिंगणघाट तालुका)

राम राम मंडळी. अमेरिकन गिटारवाला जिमी हेन्ड्रिक्स, त्याच्या 'मशीन गन' या गाण्यात मी पार अडकलो आहे. आमच्याकडे शेतीपंपाला रात्रीची लाईन असली की हरभऱ्याला पाणी द्यायला जागावं लागते. मोटर सुरू करायची, स्प्रिंकलर फिरून राहिले की नाही पाहायचं, अन् बांधावर बसून रानडुकरांवर लक्ष ठेवायचं. इअरफोन एकाच कानात घालतो, दुसरा कान मोटारीसाठी मोकळा. अशा बसण्यात हे गाणं सापडलं, आता सोडता सोडत नाही.

न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरातले दोन रात्रींचे चार शो ऐकले, कॅलिफोर्नियातल्या बर्कलेचं ऐकलं, इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरचं ऐकलं. गाणं एकच, पण दरवेळी सोलो, म्हणजे मधलं एकट्या गिटारचं वाजवणं, दुसऱ्याच गावाला निघून जाते. वर्ध्याचा माझा एक मित्र म्हणते की आइल ऑफ वाइटचाच मोठा, कारण तो बावीस मिनिटांचा आहे, बाकीचे त्याच्यापुढे लेकरं. मला मात्र 1 जानेवारी 1970 च्या पहिल्या शोचा, साडेबारा मिनिटांचाच, जास्त भिडते. पण काऊन भिडते ते सांगता येत नाही, म्हणून वादात मीच हरतो.

मी स्वतः गिटार मोबाईलवर पाहून शिकून राहिलो, तीन-चार कॉर्डच्या पुढे गाडी गेली नाही. जाणकारांनी सांगावं: असे लांब सोलो एकमेकांशेजारी ठेवायचे तर नेमकं काय ऐकायचं? वेग? लांबी? सूर?

पेडल_अकोला

लांबीचा मुद्दा आधी बाद कर. सामान पाहशील तर सगळीकडे जवळपास तेच आहे. गिटारचा आवाज बदलणारी पायातली पेडलं: फझ फेस, वाह, रॉजर मेयरने बनवलेलं ऑक्टाव्हिया, आणि युनिव्हाइब, ज्यानं आवाज फिरत्या स्पीकरमधून आल्यासारखा लाटा घेतो. गिटार उजव्या हाताची, उलटी करून डाव्या हाताने वाजवलेली, सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवलेल्या. तेव्हा 'अमुक शोमध्ये पेडल भारी होतं' असं कोणी सांगितलं तर ऐकून घे आणि सोडून दे. फरक सामानात नाही.

9 सप्टेंबर 1969 चं डिक कॅव्हेटच्या टीव्ही कार्यक्रमातलंही बघ. तिथे हे गाणं नुसतं कोंब फुटल्यासारखं आहे, एवढंएवढंसं. चार महिन्यांत त्याचं काय झालं ते तिथून कळतं.

पेटीच्या_शेजारी (वडसा)

भाऊ, मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत गिटार वाजवतो. दिवाळी आटोपली की होळीपर्यंत आमचा मुक्काम मंडपांत, आज आरमोरीकडे तर उद्या सिंदेवाहीकडे. पडदा रात्री दहाच्या पुढे उघडतो अन् नाटक उजाडेपर्यंत चालते. तेच नाटक, तीच गाणी, दुसऱ्या अंकातला तोच माझा पीस, अन् तरी तो रोज निराळा निघतो. काऊन निघतो, हे आम्हाला वडशाच्या चहाटपरीवर रोज भांडायला पुरते. त्या भांडणातून माझं एक मत पक्कं झालं आहे, तेच इथे सांगतो: गिटार सोड. आधी ड्रम ऐक.

तू घेतलेल्या सहाही कार्यक्रमांत बेस बिली कॉक्सचाच आहे. हेन्ड्रिक्सचा फौजेतला दोस्त, केंटकीच्या फोर्ट कॅम्पबेलला ओळख झाली होती. म्हणजे गिटारवाला तोच, बेसवाला तोच, सामान तेच (वर अकोलेकरांनी सांगितलंच). बदलला तो ड्रमर. फिलमोरच्या चारही शोंत बडी माइल्स आहे, बर्कले अन् आइल ऑफ वाइटला मिच मिचेल. तुलना करायची तर याहून सोयीची मांडणी कुठे भेटणार?

माइल्सचा हात जड. तो ठेका धरतो अन् तिथून हलत नाही. मधून मधून स्नेअरवर, म्हणजे कडकड वाजणाऱ्या छोट्या ड्रमवर, गोळीबाराची फैर झाडतो, की पुन्हा जागेवर. आता 1 जानेवारीच्या पहिल्या शोत चार मिनिटांच्या आसपास सोलो सुरू होते ती जागा काढ. हेन्ड्रिक्स वरचा एक स्वर धरतो अन् धरूनच ठेवतो. बोटाचा जोर संपल्यावर फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारा घुमारा, तो स्वर उचलतो, अन् तरी तो पुढच्या स्वरावर जायची घाई करत नाही. तुला जे भिडून राहिलं ते हेच असन. पण तो एवढा निवांत उभा राहू शकला, कारण खाली माइल्सने जमीन हलू दिली नाही. त्याने त्या स्वराखाली भरणा केला असता, तर गिटारला उत्तर द्यावंच लागलं असतं.

मिचेल जॅझकडे ओढा असलेला माणूस. तो ठेका देत नाही, बोलतो. हेन्ड्रिक्सने एक वाक्य टाकलं की हा त्यावर अर्ध वाक्य टाकतो. 30 मे 1970 चं बर्कले ऐक. सोलो तिथे सवाल-जवाबावर जाते, स्वर जास्त, वळणं जास्त, थांबणं कमी. वाईट आहे का? अजिबात नाही. खरं सांगतो, गाडीत बसून जागं राहायचं असलं तर मी बर्कलेच लावतो. पण तो लांब धरलेला स्वर तिथे त्या वजनाचा होत नाही, होऊही शकत नाही.

आमच्याकडे हे दर हंगामात दिसते. जुने ढोलकवाले काका बसले की माझा पीस आपोआप अर्धा होतो. मी एका स्वरावर अख्खं आवर्तन काढतो अन् मंडपातलं कोणी उठून पाणी प्यायला जात नाही. त्यांच्या जागी ऑक्टोपॅडवाला पोरगा बसला की तो माझ्या प्रत्येक जागेला फोडणी देतो, मग मलाही चेव येते, दुप्पट वाजवतो. प्रेक्षक टाळ्या दोन्ही वेळा देतात. ऑक्टोपॅडच्या वेळी जास्त, हेही सांगून टाकतो.

दुसरी गोष्ट सुरांची. या गाण्यात कॉर्ड फारशी बदलतच नाही. तानपुरा लावल्यासारखा एकच सा चालू राहतो, अन् तारा अर्धा सूर उतरवल्यामुळे तो सा आपल्या पेटीवर काळी दोनचा येतो. पेटी घेऊन बस, काळी दोनला सा धर अन् कोमल ग, म, प, कोमल नि एवढेच स्वर लाव. धानी रागातले स्वर. सोलोचा मोठा भाग तुला त्या पाचांत सापडन. ज्या ठिकाणी तो या पाचांच्या बाहेर जातो, गिटारची दांडी दाबून तारेचा सूर खाली पाडतो, भोंग्याचे अन् बॉम्बचे आवाज काढतो, ती ठिकाणं प्रत्येक शोत वेगळी आहेत. कागदावर वेळ लिहून ठेव. मी ठेवली आहे, नाटकाच्या संहितेच्या मागल्या कोऱ्या पानावर.

चार शोंचा क्रम मोडू नको. 31 डिसेंबर 1969 चा पहिला शो म्हणजे हेन्ड्रिक्स, कॉक्स अन् माइल्स या त्रिकुटाची लोकांपुढची पहिलीच वेळ. तो शो पूर्ण 2016 मध्ये निघाला, चारही शो एकत्र 2019 मध्ये. पहिल्या शोत 'मशीन गन' आटोपशीर आहे. उत्तम वाजवलं आहे, पण सोलोची उघडणी एवढी ठाम नाही, चाचपून पाहून राहिला असं मला वाटते. एका रात्रीनंतर तोच माणूस त्याच मंचावर येतो अन् त्याला उभं राहायची जागा ठाऊक असते. मार्च 1970 च्या 'बँड ऑफ जिप्सीज' रेकॉर्डवर गेलं ते हेच, 1 जानेवारीच्या पहिल्या शोचं. (ती रेकॉर्ड निघाली तीही एका जुन्या कराराच्या भांडणापायी. 1965 मध्ये एका डॉलरवर सही केली होती, त्याची भरपाई म्हणून ही देऊन टाकली. बुकिंगच्या कागदावर न वाचता सही करणाऱ्या आमच्या कलावंतांना मी हा किस्सा ऐकवत असतो.)

सुरुवातीला तो गाणं कोणाला वाहतो तेही ऐक. आधी अमेरिकेतल्या शहरांत लढणाऱ्यांची नावं घेतो, व्हिएतनाम मागून. तो स्वतः 101 व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये होता, 1962 मध्ये बाहेर पडला, लढाईवर गेला नव्हता. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात बंदुकीच्या आवाजाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून मला इथे गिटारची कमाल वगैरे म्हणवत नाही.

आता तुझ्या मित्राचं आइल ऑफ वाइट. 31 ऑगस्ट 1970, कार्यक्रम रखडत रखडत मध्यरात्र उलटून गेलेली, मैदानावर काही लाख माणसं, अन् गाण्याच्या मधेच सुरक्षावाल्यांच्या वायरलेसचं बोलणं स्पीकरमधून बाहेर येते. शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावात एकाच रात्री दोन-तीन नाटकं असली की शेजारच्या मंडपाचा भोंगा आमच्या गाण्यात घुसते. तेव्हा काय होते? तुम्ही जास्त वाजवता. त्या आवाजाला झाकायला वाजवता. बावीस मिनिटांतली काही मिनिटं मला तशी वाटतात, अन् काही निव्वळ शोधाशोधीची. मधे दोन-तीन जागा मात्र अशा आहेत की फिलमोरला सुचल्या नसत्या. एवढंच की तो पुढे अठरा दिवसांत लंडनला वारला, म्हणून लोक त्या वाजवण्यात मरण ऐकतात. त्याला त्या रात्री ते माहीत नव्हतं. त्या रात्रीपुरतंच ऐक.

धामणगावकर

वडसेकर, लेखन झकास, पण मला पटलं नाही. सोलोची तुलना करायची तर सांगाडा एक पाहिजे. पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिलमोरचं 'कम्फर्टेबली नम' घ्या. 1979 च्या रेकॉर्डिंगला त्याने सोलो पाच-सहा वेळा वाजवला आणि चांगले चांगले तुकडे निवडून एक केला. पुढे लाइव्ह कार्यक्रमांत: 1994 ला लंडनचं अर्ल्स कोर्ट, 2005 चा लाइव्ह एट कार्यक्रम, 2016 चं इटलीतलं पॉम्पेई. वळणं ओळखीची, बी मायनरवरून उतरणारे कॉर्ड तेच, म्हणून कुठे काय बदललं ते चटकन कळतं. तुमच्या हेन्ड्रिक्समध्ये आठव्या मिनिटानंतर मला नुसती किंचाळी ऐकू येते. लांबी आहे, रस्ता नाही.

पेटीच्या_शेजारी (वडसा)

धामणगावकर साहेब, गिलमोर मलाही जीव की प्राण. पण तिथे रस्ता कॉर्डच आखून देतात. कॉर्ड बदलला की स्वर बदलावा लागते, न बदलता कोण राहील? म्हणून लाइव्हमध्ये त्याची खरी मोकळीक शेपटीत आहे, ओळखीचे तुकडे संपल्यावर. अर्ल्स कोर्टची शेपटी अन् लाइव्ह एटची शेपटी शेजारी ठेवा. लाइव्ह एटला पिंक फ्लॉइडच्या चौघांना मोजकाच वेळ दिलेला, म्हणून तिथे सगळं आवरतं घेतलेलं आहे, अन् मला तेच जास्त आवडते.

एकाच सा वर उभं राहून बारा मिनिटं काढणं दुसरं काम आहे. तिथे रस्ता नाही हे तुमचं म्हणणं बरोबर. तो ड्रमवाल्याकडून घ्यावा लागतो.

रातची_लाईन (हिंगणघाट तालुका)

पेटीवाले दादा, काल लाईन बाराला आली. तुम्ही म्हणाले तसं फक्त ड्रम ऐकला, पहिले फिलमोर, मग बर्कले. बर्कलेला दोघं एकमेकांचं बोलणं तोडतात ते लगेच ध्यानात आलं. फिलमोरच्या त्या लांब स्वराखाली माइल्स काहीच जास्तीचं करत नाही, हेही आता ऐकू आलं, आधी कधी लक्षच गेलं नव्हतं. मित्राला ऐकवलं त तो म्हणते, मग माइल्स मोठा म्हण, हेन्ड्रिक्स कशाला! आता याला काय उत्तर देऊ? अन् पेटी आमच्या भजन मंडळाची आहे, ती मंदिरातून आणायची म्हणजे अध्यक्षांची परवानगी पाहिजे.

पेटीच्या_शेजारी (वडसा)

मित्राला सांग, बडी माइल्सने त्या रात्री दुसरीही गाणी वाजवली, 'चेंजेस' तर त्याचंच. तिथे हेन्ड्रिक्सचं काम पाहायला लाव, तो मागे सरकून कसा साथ देते ते. मग पुन्हा भांडा.

पेटीसाठी अडू नको, मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप घे अन् सूर डी शार्पला ठेव, तीच काळी दोन. अन् एका कानाने ऐकणं बंद कर. स्टिरिओ रेकॉर्डिंगची एक बाजू तू रोज बांधावर सांडून येऊन राहिला. मोबाईलच्या सेटिंगमध्ये मोनोचा पर्याय असते, तो चालू केला की एकाच इअरफोनमध्ये दोन्ही बाजू येतात, दुसरा कान डुकरांसाठी मोकळा.

बर्कलेचं घेताना 2003 चं 'लाइव्ह ॲट बर्कले' घे, तो दुसरा शो सलग आहे. त्या कार्यक्रमावरचा चित्रपटही फिरते, पण त्यात पूर्ण कार्यक्रम नाही, त्यावरून मिनिटं मोजायला बसशील त घोळ होईन.