मित्रमंडळींना वाढण्यासाठी युरोपातील कमी परिचित चीज: कोणते प्रकार निवडावेत?

सायंतारा

आम्ही आठ-दहा मित्रमैत्रिणी अधूनमधून एकत्र जमतो आणि दर वेळी यजमानाने एखाद्या खाद्यप्रकाराची इतरांना नीट ओळख करून द्यावी, असा आमचा शिरस्ता आहे. पुढची पाळी माझी असून मी युरोपीय चीज हा विषय घेतला आहे. ब्री, कॅमाम्बेर, गौडा, ग्रुयेर, पार्मेझान आणि रोकफोर हे प्रकार सर्वांनी अनेकदा खाल्लेले असल्यामुळे ते मला मुद्दाम टाळायचे आहेत. ज्यांची नावे फारशी कानावर येत नाहीत, पण जे खाताना त्यांच्याबद्दल काही सांगता येईल, असे प्रकार मला हवे आहेत.

अडचणी दोन आहेत. आमच्यातील एक मैत्रीण वासराच्या जठरातील रेनेट (दूध साकळवणारे द्रव्य) वापरून केलेले चीज खात नाही, आणि तिला काहीतरी वेगळे वाढून बाजूला बसवणे मला प्रशस्त वाटत नाही. दुसरे म्हणजे, दोघा-तिघांना उग्र वासाचे वावडे आहे. अशा मंडळींपुढे किती प्रकार ठेवावेत, कोणत्या क्रमाने ठेवावेत आणि खरेदी करताना वेष्टनावर नेमके काय पाहावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चोखंदळ

देशांची यादी करून प्रत्येकाचे एकेक चीज आणण्याचा मोह अशा वेळी हमखास होतो, परंतु तो आवरावा. देश वेगवेगळे असले तरी गाईच्या दुधाची, दाबून मुरवलेली चार कडक चीज एकापाठोपाठ समोर आली, तर तिसऱ्या तुकड्यापासून ती सगळी एकाच घरची वाटू लागतात. त्याऐवजी दूध कोणत्या जनावराचे, ते कशाने साकळवले आणि चीज कुठे व कसे मुरले, या तीन बाबतींत एकमेकांपासून लांब असलेले प्रकार निवडावेत. चारांहून अधिक प्रकार ठेवू नयेत. प्रत्येकाचे माणशी २५ ते ३० ग्रॅम पुरेसे होते.

आपल्या मैत्रिणीच्या अटीकडे मी अडचण म्हणून पाहणार नाही, कारण त्या अटीतूनच आपल्याला मुख्य चीज सापडते. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये मेंढीचे दूध वनस्पतीने साकळवण्याची जुनी परंपरा आहे. आर्टिचोकच्या कुळातील कार्डून या काटेरी झाडाच्या फुलातील जांभळे तंतू वाळवून पाण्यात भिजवतात आणि ते पाणी कोमट दुधात मिसळतात. या तंतूंतील विकरे दुधातील केसीन या प्रथिनावर वासराच्या रेनेटपेक्षा अधिक जोमाने तुटून पडतात, त्यामुळे चीज मुरता मुरता आतून सैल होत जाते आणि चवीला एक कडवट झाक येते. पोर्तुगालमधील सेर्रा दा एश्त्रेला, लिस्बनच्या दक्षिणेकडचे आझेताव, स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतातील तोर्ता देल कासार आणि केसो दे ला सेरेना ही चारही याच पद्धतीची आहेत. यांना युरोपीय संघाचे संरक्षित नामाभिधान असून दूध या फुलानेच साकळवले पाहिजे, असे त्यांच्या नियमांतच नमूद आहे, त्यामुळे यापैकी कोणतेही घेतले तरी रेनेटची चिंता उरत नाही.

मी तोर्ता देल कासार सुचवेन. फ्रिजमधून ते किमान दोन तास आधी बाहेर काढून ठेवावे, कारण थंड असताना ते मुके असते. मग धारदार सुरीने वरची चकती आडवी कापून ती झाकण म्हणून उचलावी. आतला गर घट्ट कस्टर्डसारखा हलतो आणि चमच्याने किंवा पावाच्या तुकड्याने टिपून खावा लागतो. त्याला मेंढीच्या दुधाचा दाट स्निग्धपणा असतो, मीठ जाणवते आणि घास संपल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला तो कडवटपणा उमटतो. उभी फोड कापू नये, अन्यथा सगळा गर ताटलीत पसरेल. सेर्राच्या कडेभोवती कापडाची पट्टी गुंडाळलेली असते, तीही याचसाठी, म्हणजे मुरताना मऊ पडणारे चीज बाजूने फुटू नये. पूर्वी असे बसके, पातळ झालेले तोर्ता बिघडलेले समजले जाई, असे सांगतात. आज लोक नेमके तेच शोधत येतात.

निवांत

वरील प्रतिसादातील निवडीचे तत्त्व मला मान्य आहे, मात्र तोर्ताने सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते बऱ्यापैकी तीव्र असते, आणि एकदा ते जिभेवर बसले की पुढचे सौम्य प्रकार पाण्यासारखे लागतात. ज्यांना वासाचे वावडे आहे त्यांना आरंभीच त्याच्यासमोर बसवले, तर उरलेला वेळ ते फक्त पावच खातील.

सुरुवात नॉर्वेच्या ब्रुनोस्टने करावी. हा तपकिरी, गोडसर ठोकळा पाहून हे चीज आहे यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही आणि गप्पांना आपोआप तोंड फुटते. चीज करताना उरलेली निवळी तासन्‌तास आटवली की तिच्यातील दुग्धशर्करा करपण्याच्या अलीकडे येऊन तपकिरी होते, आणि त्यातूनच त्याला रंग व चव येते. ही निवळी आटवण्याची रीत जुनीच होती, परंतु १८६३ साली गुडब्रान्सडालेन खोऱ्यातील आन्ने होव या स्त्रीने तिच्यात साय घालून पाहिली आणि आजचे मऊ, दाट ब्रुनोस्ट जन्माला आले, असे मानले जाते. शेळीच्या दुधाचे प्रमाण जास्त असेल तर चव अधिक तिखट लागते. पहिल्या ओळखीसाठी गाय आणि शेळी यांचे मिश्र ब्रुनोस्ट घ्यावे. हे सुरीने जाड कापल्यास दाताला चिकटते. त्यासाठी मधोमध फट असलेले सपाट पाते वापरतात, ज्याचा शोध टोर ब्यॉर्कलुंड या नॉर्वेजियन सुताराने १९२५ च्या सुमारास रंध्यावरून लावला. त्या पात्याने पापुद्रा काढून तो कुरकुरीत बिस्किटावर ठेवावा.

येथे आपल्या मैत्रिणीसाठी एक सावधगिरी आवश्यक आहे. ब्रुनोस्ट स्वतः रेनेटने साकळवत नाहीत हे खरे, पण त्यासाठी लागणारी निवळी ज्या चीजमधून येते त्यात रेनेट असू शकते, तेव्हा उत्पादकाकडे विचारून खात्री करून घ्यावी.

दुसरा क्रमांक मी धुराला देईन. पोलंडच्या तात्रा पर्वतातील ओस्त्सिपेक हे मुख्यतः मेंढीच्या दुधाचे चीज, दोन्ही टोकांना निमुळते आणि मध्यभागी कोरीव नक्षी असलेले. गरम पाण्यात मऊ केलेला गोळा हाताने दाबून नक्षीदार लाकडी साच्यात घालतात, मग तो मिठाच्या पाण्यात मुरवतात आणि मेंढपाळांच्या झोपडीत छपराखाली धुरावर ठेवतात. युरोपीय संरक्षण त्याला २००८ साली मिळाले. नियमांनुसार मेंढीचे दूध किमान ६० टक्के असावे लागते आणि हंगाम वसंत ऋतूपासून शरद ऋतूपर्यंतच चालतो, त्यामुळे भर हिवाळ्यात ताजे म्हणून विकले जाणारे, केवळ गाईच्या दुधाचे तसेच दिसणारे चीज हे ओस्त्सिपेक नव्हे. बोटभर जाडीच्या चकत्या तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस होईपर्यंत भाजून क्रॅनबेरीच्या मुरंब्याबरोबर वाढाव्यात. कच्चे खाल्ल्यास ते बरेच खारट लागते, आणि दातांखाली करकरते.

भटकभवानी

वासाबद्दल थोडे लिहिते, कारण बहुतेक लोक याच एका कारणाने अर्धे युरोप वगळून टाकतात. ज्या चीजची साल मिठाच्या पाण्याने किंवा मद्याने वारंवार धुतली जाते, तिच्यावर ब्रेव्हिबॅक्टेरियम लिनेन्स नावाचे जिवाणू वाढतात. साल नारिंगी, चिकट होते आणि वास घामेजलेल्या पायांची आठवण करून देतो, कारण त्यांचेच भाऊबंद माणसाच्या त्वचेवरही असतात. पण हा वास मुख्यतः सालीचा असतो. आतला गर पुष्कळदा साखरझोपेतल्यासारखा शांत, दुधाळ आणि किंचित गोड निघतो. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात होणारे स्टिंकिंग बिशप हे याचे उत्तम उदाहरण आहे. ते पेरी म्हणजे नाशपातीच्या मद्याने धुतले जाते आणि त्याचे नाव धर्मगुरूवरून आलेले नसून त्याच नावाच्या नाशपातीवरून आले आहे. साल काढून केवळ गर वेगळ्या ताटलीत, खिडकीजवळ आणि सर्वांत शेवटी ठेवलात, तर नाक मुरडणारेही चाखून पाहतात, असा माझा अनुभव आहे. तरीही कोणी नको म्हणाले तर आग्रह करू नये.

तोर्ताला पर्याय हवा असेल तर क्रोएशियातील पाग बेटाचे पाश्की सीर पाहावे. या बेटावर बुरा नावाचा जोरदार, कोरडा वारा वाहतो, जो समुद्राचे खारे तुषार उडवून खडकाळ कुरणांवर आणून टाकतो. तेथील मेंढ्या ते खारवलेले गवत आणि सेजसारख्या सुवासिक वनस्पती चरतात, आणि त्याचा परिणाम या कडक चीजच्या चवीत उतरतो, असे तेथील लोक मानतात. त्याच्या जोडीला इटलीतील फोर्माज्जो दी फोस्सा ठेवल्यास दोघांच्या मुरण्यातील अंतर छान कळते. एमिलिया-रोमान्या आणि मार्के या प्रांतांत उन्हाळ्यात चीजचे गड्डे कापडी पिशव्यांत भरून, मऊ खडकात खोदलेल्या आणि गवताने अस्तर दिलेल्या खड्ड्यांत ठेवतात, खड्ड्याचे तोंड बंद करतात आणि परंपरेने नोव्हेंबरच्या २५ तारखेला, संत कॅथरिनच्या सणाच्या सुमारास तो उघडतात. हवेअभावी चीज पुन्हा आंबते, त्याचा आकार वेडावाकडा होतो आणि वास थेट ओल्या जंगलातल्या जमिनीचा येतो. थोड्या मधाबरोबर ते फार चांगले लागते.

निळ्या बुरशीचा एकही प्रकार नसावा असे मला वाटत नाही. मात्र स्पेनच्या पिकोस दे एउरोपा डोंगरांतील गुहांमध्ये मुरणारे काब्रालेस नवख्या माणसाला जाळते, म्हणून फ्रान्सच्या ओव्हेर्न्यमधील फूर्म दांबेर हे मवाळ, गाईच्या दुधाचे चीज घ्यावे.

सायंतारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ब्रुनोस्ट, ओस्त्सिपेक, तोर्ता देल कासार आणि फोर्माज्जो दी फोस्सा या क्रमाने चार प्रकार ठेवण्याचे ठरवत आहे. निळ्या बुरशीचे चीज या खेपेस वगळते. दोन शंका राहिल्या आहेत: वेष्टनावर रेनेटचा उल्लेख कोणत्या शब्दांत असतो, आणि पाहुण्यांपैकी एक मैत्रीण गरोदर आहे, तिच्यासाठी काही पथ्य आहे का?

चोखंदळ

क्रमाबद्दल एकच सूचना करतो. फोस्सा तोर्ताच्या आधी घ्या, कारण चमच्याने खाण्याच्या दाट गरानंतर कोरडे, कडक चीज रुक्ष लागते.

वेष्टनावर स्पॅनिशमध्ये कुआहो, पोर्तुगीजमध्ये कोआल्यो, इटालियनमध्ये काल्यो आणि फ्रेंचमध्ये प्रेझ्यूर असे शब्द आढळतात. पुढे वेजेताल असे किंवा पोर्तुगीजमध्ये कार्दो असे लिहिलेले असेल तर ते वनस्पतिजन्य आहे. मायक्रोबियल असे असेल तर बुरशीपासून किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेले आहे, आणि काहीच विशेषण नसेल तर ते प्राणिजन्य समजूनच चालावे. लाल-पिवळी गोल मुद्रा संरक्षित उगमाची असते, परंतु ती शाकाहाराची खूण नव्हे. पार्मिजानो रेज्जानोलाही ती मुद्रा आहे आणि त्याच्या नियमांत वासराचेच रेनेट सांगितलेले आहे. तेव्हा फोस्सा आणि ओस्त्सिपेक घेताना हा प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारा. दोन्हींत वासराचेच रेनेट असल्याचे कळले तर मैत्रिणीसाठी तोर्ताचा वाटा मोठा ठेवता येईल.

गरोदर मैत्रिणीला मात्र तोर्ता देऊ नये. ते कच्च्या दुधाचे आणि मऊ असते, आणि अशा चीजमधून लिस्टेरिया या जिवाणूंचा संसर्ग होण्याचा धोका गरोदरपणात गंभीर ठरू शकतो. पाश्चरीकृत दुधाचे ब्रुनोस्ट आणि वाफ येईपर्यंत आतून नीट तापवलेले ओस्त्सिपेक तिला चालण्यास हरकत नसावी, तरीही तिने आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतलेला बरा.

निवांत

उरलेल्या चीजबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. प्लास्टिकच्या पातळ आवरणात चीज घुसमटते आणि त्याला त्या आवरणाचाच वास लागतो, म्हणून मेणकागदात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावे. कडक प्रकार असे आठवडाभर सहज टिकतात. कापलेले तोर्ता मात्र झाकण पुन्हा बसवून दोन-तीन दिवसांत संपवावे. मेण, कापड आणि लाकडाची साल हे भाग खाऊ नयेत, हे पाहुण्यांना आधीच सांगावे, नाहीतर एखादा भिडस्त पाहुणा मुकाट्याने कापड चघळत बसतो. ब्रुनोस्ट उरले तर त्याचा तुकडा मशरूमच्या किंवा मांसाच्या रश्श्यात विरघळवावा. नॉर्वेत शिकारीच्या मांसाच्या रश्श्याला त्यानेच रंग आणि दाटपणा आणतात.