मदत हवी आहे : कढीपत्त्यावरच्या अळ्यांची नोंद कशी करावी?

नमस्कार मंडळी. सांगलीत आमच्या परसात कढीपत्ता आणि कागदी लिंबू शेजारी शेजारी आहेत. पावसाळा लागल्यापासून दोन्हींवर अळ्याच अळ्या. लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, काळपट-पांढऱ्या. मोठ्या झाल्या की हिरव्यागार. डिवचलं की डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन, या दोन्ही फुलपाखरांच्या अळ्या या झाडांवर वाढतात. फोटोवरून त्या वेगळ्या कशा ओळखायच्या? फोटो वरून घ्यावा की बाजूने?

हे सगळं मला आयनॅचरलिस्टवर (निसर्गात दिसलेल्या जीवांच्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ) टाकायचंय. तिथे एक नोंद म्हणजे एक जीव, एक वेळ, एक जागा. त्यामुळे त्याच अळीची प्रत्येक अवस्था वेगळी नोंदवावी असं मला वाटतं. तुम्ही कसं करता? आणि कोष बरणीत ठेवला, तर निघालेलं फुलपाखरू 'कॅप्टिव्ह' (म्हणजे पाळलेलं, रानातलं नव्हे) धरायचं का?

घरचे फवारणी करू म्हणतायत, मी अडवून धरलंय. पानं काय, पुन्हा फुटतील. जाणकारांनी जरा लवकर सांगा; दोन अळ्यांनी आज खाणं थांबवलंय, कोषात जायच्या बेतात दिसतायत.