मदत हवी आहे: येझदी मोटारसायकलीचे धुराचे दोन्ही पाईप एकाच बाजूनं काढले, लांबी कशी जुळवू? अर्जंट

दारव्ह्याचा_येझदीवाला
भाऊ लोकं, जरा लवकर सांगा. येझदी स्क्रॅम्बलर टाईप (पाईप वर उचललेली) करून राहिलो, दोन्ही पाईप उजव्या अंगानं वर काढले, टॅकिंग (ठिपक्याठिपक्याचं कच्चं वेल्डिंग) झालं, आता एक पाईप लांब अन् एक आखूड येऊन राहिला. वेल्डिंगवाला म्हणते काही फरक पडत नाही, फुल वेल्डिंग मारून टाकतो. मले पटत नाही, कारण टॅकिंगवरच गाडी गल्लीत फिरवली तं पिकअप मधातच बसते अन् एकाच पायपातून धूर जास्त येते. पोळ्याच्या आत गाडी रोडवर पाहिजे. किती फरक चालते तेवढंच सांगा.

पुसदकर
येझदी म्हणजे कोणती बाप्पा? २०२२ मधे नवी आली ते का मैसूरच्या कारखान्यातली जुनी टू स्ट्रोक? नवी असन तं फोर स्ट्रोक, इंजेक्शन, सारा हिशोबच वेगळा. अन् फरक किती येऊन राहिला ते तं सांगितलंच नाही.

दारव्ह्याचा_येझदीवाला
जुनीच हो, नवी कोण कापते! सुतळी लावून मोजलं, १८ सेमी फरक हाये.

बुलेटप्रेमी_वर्धा
लांबीबिंबी काही नसते. मी माझ्या बुलेटले पंजाबी सायलेन्सर टाकला, एकदम मक्खन चालते. तू एक पाईप बंद करून टाक, दुसरा मोठा टाक, झंझटच नाही.

टूस्ट्रोक_अकोला
दादा, बुलेटचं इथं लावू नका. टू स्ट्रोकले एक्झॉस्टचा व्हॉल्व्हच नसते, पायपातून परत येणारी दाबाची लाटच कच्चं पेट्रोल बाहेर जाऊ देत नाही. गरम धुरात लाट साधारण सेकंदाले ५०० मीटर जाते. आता ५००० आरपीएमले क्रँक एका मिलिसेकंदात ३० डिग्री फिरते. एक पाईप १० सेमी लांब असला तं लाटेले जाऊन-येऊन २० सेमी जास्त पडते, म्हणजे ०.४ मिलिसेकंद, म्हणजे १२ डिग्री उशीर. सिलिंडर एक, रस्ते दोन, अन् दोन लाटा वेगवेगळ्या टायमाले येऊन राहिल्या तं पिकअप बसनच न. २ सेमी फरक असन तं अडीच डिग्रीच्या आत राहते, रोडच्या गाडीले ते समजतही नाही. १८ मात्र लय झाले.

बुलेटप्रेमी_वर्धा
डिग्री घेऊन काय रेस लावायची हाये का दारव्ह्याच्या रोडवर? खड्ड्यातून ५००० आरपीएम कोण नेते?

टूस्ट्रोक_अकोला
खड्ड्यातूनच तं खालचा पिकअप लागते. एक पाईप बंद केला तं धूर कोंडन अन् इंजिन तापन, उगाच लोकाची गाडी खराब करू नका.

मूर्तिजापूरचा_पोट्टा
दारव्हा वाचलं अन् शकुंतला रेल्वे आठवली. आमच्या आजीचं माहेर तिकडलं, गाडी बंद झाली तसं जाणंच सुटलं. लोकं चालत्या गाडीतून उतरून परत चढत. कोणाजवळ दारव्ह्याच्या स्टेशनचे जुने फोटो असतीन तं टाका न.

संत्रावाला_वरूड
पेट्रोलमधे ऑइल किती टाकता? लिटरमागं ४० मिली टाका, अन् पंपावरचं इथेनॉलवालं पेट्रोल टाकीत महिनोनमहिने ठेवू नका, पाणी धरते.

दारव्ह्याचा_येझदीवाला
ऑइल बरोबर हाये हो. लांबीचं विचारून राहिलो मी.

मिस्त्रीकाका_कारंजा
बेटा, पहिले माप बरोबर घे. सुतळी बेंडच्या बाहेरून लावली का आतून? ४० मिमीच्या पायपाले एका काटकोनी बेंडमधे बाहेरचं अन् आतलं माप सव्वासहा सेमीनं फरकते. डावा पाईप फ्रेमसमोरून फिरवून उजवीकडं आणला असशीन, म्हणजे त्यात बेंड जास्त, म्हणून तो खऱ्यापेक्षा लांब दिसते. सोपं काम सांगतो. मफलर (मागचा सायलेन्सर) काढ, पाईप उतरव, टॅकिंगच्या फटी ओल्या मातीनं लिंप, एक तोंड बंद कर अन् मापानं पाणी भर. आतून ३६ मिमी असन तं दर १० सेमीले १०० मिलीच्या जरासं वर पाणी बसते. दोन्ही पायपाच्या पाण्यातला फरक म्हणजेच लांबीतला फरक, बेंड कसाही असो.

अन् धुराचं कारण लांबी नसन. दोन्ही मफलर आपसात बदलून पाह्य. धूर मफलरसोबत दुसरीकडं गेला तं ज्यातून कमी येते तो कार्बननं जाम हाये. कॉस्टिक सोड्यात भिजव, हातमोजे अन् चष्मा घालून, अन् ॲल्युमिनियमले लागू देऊ नको. आतली जाळी काढून फेकू नको, आवाज वाढते अन् ताकद जाते.

नियमवाला_नागपूर
आवाज मोठा झाला तं मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागते, १० हजारांपर्यंत दंड. नागपुरात तं सायलेन्सर जप्त करून रोलरखाली टाकतात. आधी आरटीओत विचारा.

धामणगावचा_ग्राहक
विकायची हाये का? कागद क्लिअर असतीन तं इनबॉक्स करा.

दारव्ह्याचा_येझदीवाला
विकायची नाही. काका, पाण्यानं मोजलं, फरक १४० मिली निघाला. म्हणजे १४ सेमीच्या आत. मफलर बदलले तं धूरही बदलला, तुमचंच खरं. आता आखूड पाईप वाढवू कुठं? मफलर मागं सरकवला तं दोन्हीची शेपटी एका लाईनीत येत नाही, अन् दोन्ही एका लाईनीत यावे म्हणून तं एवढं केलं.

टूस्ट्रोक_अकोला
लांबवालाच कापा न, सोपं जाईन.

मिस्त्रीकाका_कारंजा
तो कसा कापशीन, तो फ्रेम ओलांडून येते, तिथं जागाच नाही. आखूडवाल्याले इंजिनासमोर खाली झोल दे. वाळू गच्च भरून गॅसनं तापवून वाकव, म्हणजे चेपत नाही. वाळू पूर्ण वाळलेली पाहिजे अन् एका तोंडाले भोक ठेव, ओली राहिली तं वाफेनं बुच्चा उडते. ब्रेकचा पायडल अन् समोरचं चाक पूर्ण दबल्यावर लागत नाही ना ते पाह्य. सिलिंडरजवळचे दोन्ही नट कसून मंगच टॅक मार, मंग पाईप उतरवून फुल वेल्डिंग कर. गाडीवर वेल्डिंग करायचंच पडलं तं बॅटरीची वायर काढ. मांडीकडून पत्रा लाव, नाहीतं पोळन.

दारव्ह्याचा_येझदीवाला
ठीक हाये काका, झोलच देतो. वेल्डिंगवाल्याले फोन करून थांबवलं, वाळू वाळत घातली. मफलर सोड्यात टाकले.