'मी' म्हणणारी चित्रात दिसते तेव्हा

इथल्या चर्चेत एकांनी म्हटलंय की चित्रकादंबरीत (ग्राफिक नॉव्हेलमध्ये) प्रथमपुरुषी निवेदन पटत नाही, कारण 'मी' म्हणणारी व्यक्ती आपल्याला बाहेरून दिसत असते. मला तर खरी ताकद तिथेच वाटते. मार्जान सत्रापीच्या 'पर्सेपोलिस' या इराणमधल्या स्वतःच्या बालपणावरच्या चित्रकादंबरीची पहिलीच चौकट बघा: १९८० साल, डोक्याला स्कार्फ बांधून हाताची घडी घालून बसलेली १० वर्षांची मुलगी. चौकटीच्या वर लिहिलेल्या ओळींतून बोलतेय ती मात्र मोठी झालेली मार्जान. एकाच चौकटीत दोन वयं, हे नुसत्या गद्यात इतकं पटकन साधत नाही.

अजून एक गोष्ट इथे कुणी मांडली नाही. गंगापूर रोडच्या आमच्या लायब्ररीतून आणलेली अशीच एक इंग्रजी चित्रकादंबरी मी आईला मराठीत वाचून दाखवत होते. पहिल्या आठ-दहा पानांत निवेदकाचा चेहराच नाही, नुसते हात आणि सावली. इंग्रजीत ते खपून जातं. मराठीत पहिल्याच वाक्याला अडले: 'मी निघालो' की 'मी निघाले'? निवेदक बाई की पुरुष, हे चित्रकाराने जपून झाकलेलं; मराठी क्रियापद ते लगेच उघडं करतं. शेवटी ती पानं मी बोलणाऱ्याचं लिंग न कळणाऱ्या रचनेत, 'मला दिसतंय', 'मला आठवतंय' अशी वाचली. आईला चेहरा दिसला तेव्हा ती म्हणाली, "अगं, ही मुलगी होय!"